पंचावन्न व्होल्टपुढचं प्रश्नचिन्ह

स्कोपचं, म्हणजे विजेच्या लाटा पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपचं, झाकण मागच्या बाजूने ओढून काढलं तेव्हा आधी धूळ नाकात गेली, मग जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या वार्निशचा तो ओळखीचा गोडसर वास आला, आणि मग झाकणाच्या आतल्या अंगाला चिकटवलेली कागदी टेपची एक पट्टी दिसली. टेप पिवळी पडली होती, कडांना कुरकुरीत झाली होती. तिच्यावर पेन्सिलीने, मराठी आकड्यांत, एकाखाली एक पाच ओळी होत्या. उणे ८, ठीक. ५, ठीक. १५, ठीक. ११०, ठीक. सगळ्यात खाली ५५, आणि त्याच्यापुढे ‘ठीक’ नाही, नुसतं प्रश्नचिन्ह. सही नाही, तारीख नाही. ज्यांनी असली यंत्रं उघडली आहेत त्यांना या आकड्यांचा अर्थ सांगायला नको. आतल्या पाच सप्लायची, म्हणजे यंत्राच्या भागांना ठरावीक व्होल्टेज पुरवणाऱ्या सर्किटांची, ती हजेरी होती. माझ्याआधी कुणीतरी हा स्कोप टेबलावर घेऊन, एकेक व्होल्टेज मोजत बसलं होतं आणि शेवटच्या ओळीवर अडलं होतं.

त्या प्रश्नचिन्हाने मला नंतर बरेच दिवस स्वस्थ बसू दिलं नाही.

स्कोप मी पुण्याच्या जुन्या बाजारातून आणला होता. बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मी रविवारी जाते, ऊन चढायच्या आत. ताडपत्र्यांवर पान्हे, नळाच्या तोट्या, शिवणयंत्रांची चाकं, पितळी कुलुपं, आणि मधूनच एखाद्या बंद झालेल्या कारखान्याच्या टेस्टिंग विभागातून किंवा कॉलेजच्या लॅबमधून लिलावात निघालेला माल. भोसरी-पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात इतके छोटे-मोठे कारखाने उभे राहिले आणि मिटले, की त्यांची मोजमापाची यंत्रं आजही कुठून कुठून वर येत राहतात. त्या दिवशी विक्रेता उकिडवा बसून एका पॉवर सप्लायच्या ट्रान्सफॉर्मरवर छिन्नी चालवत होता. तांबं एकीकडे, पत्रा एकीकडे. स्कोप त्याच्या शेजारीच होता, म्हणजे पुढचा नंबर त्याचा. मी विचारलं, “दादा, हा चालतो का?” तो म्हणाला, “लाइट लागते ताई. बाकीचं आपल्याला काय कळत नाय.” लाइट लागते, हे प्रमाणपत्र मी या बाजारात नेहमी ऐकते आणि ते खरंही असतं, त्याच्यापुरतं. पुढच्या पट्टीवरचा छोटा दिवा लागला की ट्रान्सफॉर्मर शाबूत आहे एवढं कळतं. त्याने स्कोप ताणकाट्याला अडकवला आणि वजनातून अंदाजाने थोडं कमी केलं. “काचेचे पैसे नाय घेत,” म्हणाला. पिक्चर ट्यूब भंगाराच्या हिशोबात धातू नाही, म्हणून ती फुकट. त्या यंत्रातली सगळ्यात अवघड, हाताने जुळवलेली, आज कुठेही नवी मिळणार नाही अशी वस्तू मला शून्य रुपयांना मिळाली. मला आनंद झाला. रिक्षात बसल्यावर मात्र त्या आनंदाची थोडी लाज वाटली, कारण शेजारच्या पॉवर सप्लायचे तुकडे मी तसेच मागे सोडून आले होते.

स्कोपशी माझी ओळख पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये झाली. आमच्या पिढीतल्या बहुतेकांची ज्या यंत्राशी झाली त्याच्याशीच: इंदूरच्या सायंटिफिकने जर्मनीच्या हामेगच्या बनावटीवरून केलेला एचएम २०३. वीस मेगाहर्ट्झ, दोन चॅनेल, हिरवा ट्रेस, म्हणजे पडद्यावरची उजेडाची रेघ. एका स्कोपभोवती चौघं-पाचजणं असायची आणि नॉब ज्याच्या हातात तो राजा. मुलींच्या हातात नॉब उशिरा यायचा. पहिल्यांदा आला तेव्हा साइन वेव्ह पडद्यावर सरकत होती, थांबत नव्हती. मी ट्रिगरचा लेव्हल नॉब हलवला आणि ती जागच्या जागी उभी राहिली. त्या क्षणी पोटात काय झालं ते अजून आठवतं. जे तारेतून सेकंदाला हजार वेळा वरखाली होतंय, ते माझ्यासमोर निश्चल उभं आहे आणि मी त्याची उंची चौकटी मोजून सांगू शकते. पुढे कितीतरी डिजिटल स्कोप वापरले, रंगीत पडद्यांचे, आकडे आपोआप लिहून देणारे. ते चांगलेच आहेत. पण चौकटी मोजताना जी जबाबदारी डोळ्यांवर यायची ती त्यांनी माझ्याकडून काढून घेतली, आणि तिची मला आठवण येते.

पहिली नोकरी भोसरीत, एका कारखान्याच्या कॅलिब्रेशन विभागात. तिथे निवृत्तीला आलेले एक काका होते. सगळे त्यांना नुसतं काका म्हणत. दुरुस्तीची पहिली पायरी त्यांनी मला शिकवली ती अशी: यंत्र घेतलं की अर्धा तास त्याला वीज द्यायची नाही. आधी बघायचं, मग हुंगायचं. कार्बनी जळका वास म्हणजे रेझिस्टर, माशासारखा उग्र वास म्हणजे फुटलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. आणि सेलेनियमचा जुना रेक्टिफायर जळाला की जी दुर्गंधी सुटते ती एकदा घेतली की जन्मभर ओळखू येते, ती आली की खिडक्या उघडून बाहेर जायचं. मग मागचं व्होल्टेज सिलेक्टर बघायचं. अमेरिकेतून आलेलं यंत्र कुणी ११५ वर ठेवून २३० च्या प्लगमध्ये घातलं, तर पुढच्या सगळ्या निदानाला अर्थ उरत नाही. मग फ्यूज, आणि फ्यूजच्या जागी कुणी तांब्याची तार गुंडाळली आहे का तेही. मी पहिल्यांदा उघडा स्कोप चालू करायला बसले तेव्हा त्यांनी माझ्या हातांकडे बघून म्हटलं, “काचेच्या राहू देत बाळ, पण सोन्याची बांगडी आणि घड्याळ ड्रॉवरमध्ये. आणि मंगळसूत्र नुसतं आत सारायचं नाही, काढायचं.” हे कुठल्याच मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नव्हतं, कारण ती मॅन्युअलं लिहिणाऱ्यांसमोर बांगड्या घातलेलं माणूस बसलेलं नसावं. स्कोपच्या ट्यूबला कॅथोडपाशी उणे दोन-अडीच हजार व्होल्ट असतात. वेगवान स्कोपमध्ये पडद्याजवळच्या टोकाला पंधरा-वीस हजारांपर्यंत जातात आणि प्लग काढल्यावरही काही काळ तिथे दबा धरून असतात. एक हात नेहमी पाठीमागे. आजही उघड्या यंत्रावर काम करताना माझा डावा हात आपोआप पाठीमागे जातो.

तर हा बाजारातला स्कोप. शंभर मेगाहर्ट्झचा, सत्तरच्या दशकातल्या रचनेचा, दिसायला देखणा. अर्धा तास बघणं-हुंगणं झालं, पट्टी वाचून झाली. मग वाटेत एक बल्ब सिरीजमध्ये लावून, जास्त करंट गेला तर तो पेटून सांगतो, डिमरस्टॅटने, म्हणजे व्होल्टेज कमीजास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने, हळूहळू व्होल्टेज वाढवत नेलं. वर्षानुवर्षं पडून असलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधला ऑक्साइडचा थर पातळ होतो. त्याला सावकाश व्होल्टेज दिलं तर तो पुन्हा बऱ्यापैकी तयार होतो, एकदम दिलं तर कपॅसिटर फुगतो किंवा फुटतो. ट्रान्सफॉर्मरवाल्या जुन्या यंत्रांना हे मानवतं. स्विचिंग सप्लाय असलेल्यांना मात्र असं चढवू नये, कारण कमी व्होल्टेजवर ते जास्त करंट ओढतात आणि त्यातच मरतात. इथे ट्रान्सफॉर्मर होता, म्हणून चाललं. बल्ब अर्ध्यावरच लालसर होऊन तसाच राहिला. आत काहीतरी शॉर्ट होतं.

पट्टीवर ‘१५, ठीक’ लिहिलेला सप्लाय आता जेमतेम अर्ध्या व्होल्टवर होता. म्हणजे पट्टी लिहिल्यानंतर काहीतरी बिघडलं. या पिढीच्या स्कोपमध्ये पहिला संशय टँटलम कपॅसिटरवर जातो. थेंबासारखे छोटे, रंगीत. जागा कमी खातात, वर्षानुवर्षं उत्तम काम करतात आणि मरताना शॉर्ट होऊन मरतात. एकाच सप्लायवर असे डझनभर थेंब बोर्डभर विखुरलेले असतात आणि मीटरला सगळे सारखेच शॉर्ट दिसतात, कारण ते एकाच तारेवर आहेत. एकेक उपटून बघणं हा एक मार्ग आहे, पण त्यात जुन्या बोर्डचे तांब्याचे पट्टे निघून येतात. मी बाहेरून करंट मर्यादित केलेला सप्लाय जोडला, व्होल्टभर दिला आणि पट्ट्यांवरून मिलिव्होल्ट मोजत सरकत गेले. करंट जिथे जातो तिकडे व्होल्टेज उतरत जातं. जिथे उतरायचं थांबतं तिथे चोर. व्हर्टिकल ॲम्प्लिफायरच्या कडेला एक निळा थेंब बोटाला कोमट लागला. तो काढला, शॉर्ट गेला. तपकीर गल्लीतून नवा आणला, लावण्याआधी मोजून घेतला, लावला.

ट्रेस आला.

इतक्या वर्षांनंतरही त्या क्षणाचं काही जुनं होत नाही. आधी पडदा काळा, मग आतून काहीतरी जागं झाल्यासारखी फिकट निळसर-हिरवी झाक, मग फोकस फिरवला की केसासारखी रेघ. माझ्या घरातल्या कुणालाच या रेघेचं काही वाटत नाही आणि वाटावं अशी माझी अपेक्षाही नाही, पण मी त्या रात्री दिवा बंद करून तिच्यासमोर बराच वेळ बसले होते.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. स्कोपच्या पुढच्या पट्टीवर त्याचा स्वतःचा कॅलिब्रेटर असतो, एक किलोहर्ट्झची चौकोनी लाट देणारा. प्रोब लावला, लाट बरोबर उंचीची दिसली. ‘लाइट लागते’च्या पुढचं हे प्रमाणपत्र, आणि बरेच जण इथे थांबतात. पण ती पेन्सिलीने लिहिलेली पट्टी समोर होती. म्हणून मी क्वार्ट्झचा एक मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर, म्हणजे ठरलेल्या वेगाने लाटा देणारं यंत्र, जोडला आणि प्रत्येक लाट पडद्यावरच्या एकेका उभ्या रेघेवर बसवली. सुरुवातीला सगळं जुळलं. अर्ध्या तासाने डावीकडची लाट आपल्या रेघेवर होती आणि उजवीकडची शेवटची रेघेपासून केसभर सरकली होती. पुन्हा कॅलिब्रेटर लावला तर तिथे उंची अजूनही अगदी बरोबर. थोडा विचार केल्यावर कारण लक्षात आलं आणि अंगावर काटा आला. कॅलिब्रेटर त्याच सप्लायवर चालतो ज्यावर ॲम्प्लिफायर चालतो. सप्लाय ढळला तर लाट ढळते आणि ती मोजणारी पट्टीही तेवढीच ढळते. यंत्र स्वतःला स्वतःच्याच मापाने तपासून, सगळं ठीक आहे असं सांगत होतं. क्वार्ट्झ बाहेरचा होता, त्याला या घरातल्या व्होल्टेजशी देणंघेणं नव्हतं, म्हणून त्याच्यासमोर ते उघडं पडलं.

मेलेलं यंत्र मला कधीच भीतीदायक वाटलं नाही. ते निदान कबूल करतं. काटा हलत नाही, पडदा उजळत नाही, आपण पान्हा घेऊन बसतो. खरी भीती वाटते ती थोडंसं चुकणाऱ्या यंत्राची. दीड टक्क्याने चुकणारा मीटर वर्षानुवर्षं टेबलावर राहतो, त्याच्या भरवशावर दहा सप्लाय जुळवले जातात, त्या सप्लायवर आणखी काही जुळवलं जातं. पंखा बिघडला तर एका खोलीत उकडतं. मोजणारं यंत्र बिघडलं तर त्याने मोजलेलं सगळं शांतपणे बिघडत जातं आणि कुठेच धूर निघत नाही. म्हणून मला वाटतं, मोजमापाच्या जुन्या यंत्राची दुरुस्ती ही रेडिओ किंवा ॲम्प्लिफायरच्या दुरुस्तीहून वेगळी गोष्ट आहे. रेडिओ वाजू लागला की झाला दुरुस्त. इथे वाजू लागल्यावर खरं काम सुरू होतं.

मग कुणाशी ताडून बघायचं? या प्रश्नाला शेवट असा नाही, फक्त एक साखळी आहे. माझ्या टेबलावरच्या मीटरपेक्षा किमान चौपट नेमकं असं काहीतरी असलेल्या प्रयोगशाळेत मी तो नेते. ती प्रयोगशाळा आपलं प्रमाण आणखी वरच्या प्रयोगशाळेत नेते. आणि आपल्या देशात ही साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपाशी जाऊन थांबते. १९११ पासून १९९० पर्यंत जगाचा व्होल्ट वेस्टन सेलवर उभा होता: काचेच्या नळीत पारा आणि कॅडमियम, वीस अंश तापमानाला १.०१८६ व्होल्ट. तो हलवायचा नाही, त्यातून करंट घ्यायचा नाही, तापमान ढळू द्यायचं नाही. १९९० पासून त्याची जागा अतिशीत जोसेफसन जंक्शनने, म्हणजे दोन अतिवाहकांमधल्या पातळ अडथळ्याच्या जोडाने घेतली, जिथे व्होल्ट थेट फ्रिक्वेन्सीवरून मिळतो. भोसरीत आमच्या विभागात एका लाकडी पेटीत बंद केलेले वेस्टन सेल होते. काका ती पेटी उघडताना बोलायचे नाहीत. मला तेव्हा ते जरा अतिच वाटायचं. आता कळतं की त्या खोलीतल्या प्रत्येक आकड्याचं मूळ त्या पेटीत होतं, आणि पेटी आपटली असती तर आमच्यापैकी कुणालाच लगेच कळलं नसतं.

पट्टी लिहिणाऱ्याजवळ मात्र असली पेटी नसणार. त्याच्याकडे काय होतं याचा मी बराच विचार केला, आणि उत्तर पट्टीवरच होतं. आकड्यांना दशांश नव्हता. डिजिटल मीटर असता तर माणूस ‘१५’ लिहीत नाही, १४.९८ लिहितो, जे दिसतं ते उतरवल्याशिवाय हाताला राहवत नाही. नुसतं ‘१५, ठीक’ असं काटा बघून लिहिलं जातं. म्हणजे त्याच्याकडे काट्याचा मीटर होता. एव्हो ८ किंवा त्याच जातीचा, नाशिकच्या मोटवानींचा, हे आपलं माझं अनुमान. पण आपल्याकडच्या कार्यशाळांत तेच असायचे. काळा बेकेलाइटचा जड डबा, कातडी पट्टा, दोन मोठे नॉब, काट्याखाली आरशाची पट्टी. काटा आणि आरशातला काटा एकावर एक येईतो डोळा हलवायचा आणि मगच वाचायचं. मूळ एव्होमीटर १९२३ चा. ब्रिटिश पोस्ट खात्यातल्या डोनाल्ड मॅकाडी या इंजिनियरला टेलिफोनच्या दुरुस्तीसाठी वेगवेगळे मीटर वागवायचा कंटाळा आला, म्हणून त्याने अँपिअर, व्होल्ट आणि ओहम एका डब्यात आणले. त्याचं ‘मॉडेल ८’ हे १९५१ पासून २००८ पर्यंत बनत राहिलं. मोटवानींचं नाव तर त्याआधी त्यांच्या शिकागो रेडिओ या कंपनीमुळे महाराष्ट्रभर गेलं होतं, सभांच्या लाउडस्पीकरवरून. १९४२ च्या भूमिगत काँग्रेस रेडिओच्या खटल्यात उषा मेहतांबरोबर नानिक मोटवानीही आरोपी होते. आवाज पोचवणाऱ्या घराण्याने पुढे मोजायची यंत्रं केली, याचं मला कायम अप्रूप वाटत आलं आहे. माझ्याकडेही त्यांचा एक मीटर आहे. त्याच्या मोठ्या ओहम रेंजला लागणारी पंधरा व्होल्टची बॅटरी आता सहज मिळत नाही, म्हणून तीन व्होल्टच्या पाच बटणसेलांची माळ करून मी ती चालवते.

अशा मीटरची चांगल्यात चांगली अचूकता म्हणजे पूर्ण मापाच्या एक टक्का. पंचावन्न व्होल्ट मोजायला शंभरची रेंज लावावी लागते. शंभराचा एक टक्का म्हणजे एक व्होल्ट. काटा पंचावन्नवर दिसला तरी खरं व्होल्टेज चौपन्न ते छप्पन्नमध्ये कुठेही असू शकतं. आणि या स्कोपमध्ये पंचावन्नचा सप्लाय बाकीच्यांचा आधार आहे. त्याच्याशी तुलना करून बाकीचे आपापली जागा धरतात. उरलेल्या चारांना एक-दीड टक्का इकडेतिकडे चालतो. पंचावन्नला नाही. मॅन्युअल त्याच्याकडून काट्याच्या मीटरला दिसणारच नाही इतका नेमकेपणा मागतं.

मी माझ्या डिजिटल मीटरने तो मोजला. थंड असताना ५४.९८. अर्ध्या तासाने ५४.२ आणि अजून उतरतच होता. आधार ढळत होता आणि चारही जण त्याच्याबरोबर शिस्तीत ढळत होते. पुढचं काम सावकाश, पण आवडीचं. हेअर ड्रायरचा झोत कागदाच्या नळीतून एकेका पार्टवर सोडायचा. मग कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन तोच पार्ट गार करायचा आणि आकड्याकडे बघत राहायचं. रेफरन्सच्या झीनरला, म्हणजे ठरलेलं व्होल्टेज धरून ठेवणाऱ्या डायोडला, गार केलं, आकडा ढिम्म. ट्रान्झिस्टरला गार केलं, किंचित हालला. मग व्होल्टेज विभागणाऱ्या जोडीतल्या ग्राउंडकडच्या रेझिस्टरला बोळा लागला आणि आकडा ५४.२ वरून उडी मारून ५४.९ वर गेला. बोळा काढला, पुन्हा उतरणीला. तो रेझिस्टर काढून भिंगाखाली धरला तेव्हा एका टोकाच्या धातूच्या टोपीशी केसाएवढी चीर दिसली. तापला की टोपी आतल्या थरापासून सुटायची, त्याचा रोध वाढायचा आणि सप्लाय खाली यायचा. बाजारात काही रुपयांना मूठभर मिळणारा पार्ट. नवा लावला, प्रीसेटने, म्हणजे बोर्डावरच्या जुळवणीच्या स्क्रूने, पंचावन्न जुळवले, दुपारभर चालू ठेवला. आकडा हलला नाही, क्वार्ट्झच्या लाटा आपापल्या रेघांवर राहिल्या.

हल्ली जुनं यंत्र घेतलं की त्यातले सगळे कपॅसिटर सरसकट बदलून टाकण्याची पद्धत पडली आहे. मला ती पटत नाही, आणि हे मी ठामपणे म्हणते. इथे मी सगळे कपॅसिटर बदलले असते तर निळा थेंब गेला असता, ट्रेस आला असता, कॅलिब्रेटरने मान डोलावली असती आणि चिरलेला रेझिस्टर आत तसाच राहिला असता. शिवाय जुने बोर्ड जितके तापवाल तितके दुखावतात. आधी समजून घ्यावं लागतं की हा पार्ट इथे का आहे. हेवलेट आणि पॅकार्डच्या १९३९ मधल्या पहिल्या ऑसिलेटरमध्ये एक साधा छोटा दिवा होता. तो उजेडासाठी नव्हता. तापला की त्याच्या तारेचा रोध वाढायचा आणि त्यामुळे लाटेची उंची आपोआप स्थिर राहायची. तो ‘इंडिकेटर’ समजून कुणी दुसरा कसलाही दिवा बसवला की यंत्र गेलं. टेक्ट्रॉनिक्स या स्कोप बनवणाऱ्या कंपनीने पन्नास-साठच्या दशकांतल्या व्हॉल्व्हच्या स्कोपमध्ये पार्ट जोडायला सिरॅमिकच्या खाचा असलेल्या पट्ट्या वापरल्या होत्या. त्या खाचांना चांदीचा थर असायचा आणि साध्या सोल्डरने तो पुन:पुन्हा तापवला की विरघळून जायचा. म्हणून कारखान्यातून निघतानाच यंत्राच्या पोटात चांदीमिश्रित सोल्डरची छोटी गुंडाळी ठेवलेली असायची, पुढे कधीतरी ते उघडणाऱ्या माणसासाठी. ती गुंडाळी मी एकदाच प्रत्यक्ष पाहिली, एका परिचितांच्या घरी, अर्धी वापरलेली. बनवणाऱ्याने मान्य केलं होतं की हे एक दिवस बिघडेल, आणि जो दुरुस्त करेल त्याची सोय आधीच करून ठेवली होती. आज ज्या वस्तूंची झाकणं गोंदाने चिकटवलेली असतात त्या हातात घेताना मला त्या गुंडाळीची आठवण येते आणि राग येतो.

पट्टी लिहिणाऱ्या त्या माणसाकडे मी आता वेगळ्या नजरेने बघते. सुरुवातीला वाटलं होतं की तो अडला, हरला, अर्धवट सोडून गेला. मग लक्षात आलं की त्याला कदाचित काटा पंचावन्नवरच दिसत होता. बाकीच्या चारांसारखं ‘ठीक’ लिहून तो मोकळा होऊ शकला असता. गिऱ्हाईकाने काय किंवा साहेबाने काय, कुणीच विचारलं नसतं. पण त्याला सप्लाय संशयास्पद वाटत होता की स्वतःचा मीटर या कामाला अपुरा वाटत होता, की दोन्ही, ते त्या एका चिन्हात सगळं बसतं. त्याने यंत्राबद्दल जेवढं कळलं तेवढंच लिहिलं आणि जे मोजता आलं नाही त्याला मोजल्याचं नाव दिलं नाही. कॅलिब्रेशनच्या नोकरीत मी सही-शिक्क्यांचे असे पुष्कळ कागद पाहिले ज्यांच्यात इतका प्रामाणिकपणा नव्हता. तो कुठल्या कारखान्यात होता, त्याला कोणी काही शिकवलं होतं की तो आपलाआपण शिकला, आज हयात आहे का, यातलं काही मला कळणार नाही. त्याला सांगता आलं असतं तर सांगितलं असतं की तुमचा संशय बरोबर होता, ग्राउंडकडचा रेझिस्टर होता.

स्कोप अजून पूर्ण झालेला नाही. दुसऱ्या चॅनेलचा ॲटेन्युएटर, म्हणजे येणारं व्होल्टेज पायरीपायरीने कमी करणारा स्विच, वीस मिलिव्होल्टच्या रेंजवर अडखळतो. नॉब दोन-तीनदा मागेपुढे केला की मगच ट्रेस स्थिर होतो. आत सोन्याचा मुलामा दिलेले संपर्क आहेत, त्यांना सॅंडपेपर लावायचा नाही, स्प्रेही मारायचा नाही. अल्कोहोलमध्ये भिजवलेली कागदाची पट्टी संपर्कांमध्ये धरून हलकेच ओढायची, एकेक करून. पावसाळ्यात हे काम मी करत नाही, दमट हवेत तिथला मोठ्या रोधाचा विभाग भलतंच काही दाखवतो. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की तो भाग उघडीन. शेजारच्या इमारतीतली एक मुलगी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिने यंत्र पाहिल्यापासून माझ्यामागे लकडा लावला आहे. तिला म्हटलंय, ये, पण पहिली पट्टी तू ओढायची आणि पाचही सप्लायचे आकडे आधी तू मोजून लिहायचे. तिने लगेच विचारलं, “काकू, कितव्या दशांशापर्यंत?” मी तिला आधी मीटरचं मॅन्युअल वाचायला दिलंय.